सात किलोमीटर, बस क्रमांक तीनच्या विरुद्ध

आमच्या कॉलेजात धावण्याचा कोच ठेवायचा की नाही, हे दरवर्षी मी चालवतो त्या बसवरून ठरतं.

बस क्रमांक तीन. चाकणच्या तळेगाव चौकातून सकाळी सव्वासातला निघते आणि सात किलोमीटरवरच्या कॉलेजच्या गेटला पोचते. वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या एका शनिवारी, कॉलेजचा सगळ्यात चांगला धावपटू त्याच वेळी त्याच चौकातून रस्त्याकडेच्या मातीतून पळत निघतो. तो आधी पोचला तर ज्योतीराम सरांना अकरा महिन्यांचा नवा करार मिळतो. बस आधी पोचली तर सर घरी.

अकरा वर्षांत बस एकदाही आधी पोचलेली नाही. त्यातली शेवटची पाच वर्षं स्टिअरिंगवर मी होतो. त्यामुळे आमच्या गावात मला 'बस घेऊन हरणारा बाळू' म्हणतात. माझ्या आईला, म्हणजे भिमाबाईला, हे अजून पटत नाही.

"एवढं मोठं इंजन हाय तिला. मंग पोरीसंगं हरतोस कसा रं?"

"आई, ट्रॅफिक असतं."

"तिला न्हाई का ट्रॅफिक?"

याच्यावर मी पाच वर्षं विचार करतोय.

ही पद्धत आबाजींनी पाडली. आबाजी म्हणजे कॉलेजचे संस्थापक. त्यांची जमीन कारखान्यांना गेली आणि त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, कारण बांधाशेजारच्याने फार्मसीचं काढलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ज्योतीराम सर मुलाखतीला आले तेव्हा म्हणाले, "माझ्या हाताखालचा मुलगा पाच किलोमीटर सोळा मिनिटांत पळतो."

"म्हंजी किती?" आबाजी म्हणाले.

"सोळा मिनिटं."

"ते ऐकलं. पर म्हंजी किती?"

सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. हायवेवर कॉलेजची बस एका कंटेनरच्या मागे उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून दात घासत होता. सर म्हणाले, "चौकातून निघाला तर तुमच्या बसच्या आधी पोचंल."

"माज्या बसच्या आधी?"

दुसऱ्या दिवशी लावून बघितलं. मुलगा गेटला पोचला, त्याने चहा घेतला, दुसरा घेतला, आबाजींच्या शेजारी बसून पेपरातलं राशिभविष्य वाचलं, आणि मग बस आली. आबाजी म्हणाले, "लिव्हा अकरा म्हैने." तेव्हापासून दरवर्षी हेच. मिनिटं-सेकंद त्यांना अजूनही कळत नाहीत. बस कळते.

ज्योतीराम सर मूळचे लातूरकडचे. एकोणिसाव्या वर्षी पिंपरीला आले, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागले आणि क्वालिटी इन्स्पेक्टर झाले. कंपन्यांच्या शर्यतीत ते पळायचे. मग मध्येच नोकरी सोडून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. म्हणजे कंपनी सोडली, पण इन्स्पेक्शन सोडलं नाही. मुलाने चक्कर हळू मारली की सर वहीत लिहितात 'रिजेक्ट'. थोडी हळू मारली तर 'रीवर्क'. 'ओके' हा शब्द अकरा वर्षांत चार जणांना मिळाला. त्यातल्या एकाच्या कानात तेव्हा हेडफोन होते, म्हणून तीनच धरायचे.

सरांचं स्टॉपवॉच दर सहा महिन्यांनी भोसरीच्या एका लॅबमध्ये कॅलिब्रेट होतं, म्हणजे बरोबर चालतं का ते तपासून येतं. कंपनीत मोजायच्या प्रत्येक वस्तूवर असतो तसा त्यावर हिरवा स्टिकर: कधी तपासलं, पुढची तारीख कोणती, खाली सही. तारीख उलटली की त्या घड्याळातली वेळ सर धरत नाहीत. माझ्या माहितीत स्टॉपवॉचवर असा स्टिकर लावणारा हा एकच माणूस आहे. त्यांच्या लग्नाच्या फोटोमागेही आहे असं पोरं म्हणतात, पण मी बघितलेला नाही.

सर आले तेव्हा कॉलेजात चारशे मीटरचा ट्रॅक होता. दुसऱ्या वर्षी पार्किंग आलं, ट्रॅक तीनशेचा झाला. मग ऑफिसची नवी इमारत, दोनशे चाळीस. मग एक मंत्री येणार म्हणून हेलिपॅड केलं. मंत्री रस्त्याने आले, हेलिपॅड राहिलं. आता ट्रॅक पाण्याच्या टाकीभोवती आहे, नव्वद मीटरचा. पाच हजार मीटर पळायचे तर पंचावन्न चकरा आणि वर पन्नास मीटर. सरांनी कधी तक्रार केली नाही. प्रत्येक वेळी टेप काढला, नवं माप घेतलं, वहीत लिहिलं. फक्त आमची धावणारी मुलं चालताना जरा डावीकडे झुकतात. बसमध्ये चढताना लगेच ओळखू येतात.

या झुकणाऱ्यांत सगळ्यात पुढे पुनम. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या वडिलांच्या शेतात आता गोडाऊन आहे आणि वडील त्याच गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहेत, म्हणजे रोज शेतावरच जातात. मागची दोन वर्षं मी तिच्याकडूनच हरलो. यंदा शर्यतीनंतर तीन आठवड्यांनी विद्यापीठाची क्रॉस कंट्री होती. पहिल्या सहांत आली की विद्यापीठाच्या संघात. पण कॉलेजची एंट्री कोचच्या सहीशिवाय जात नाही, आणि कोच आहे की नाही हे बस ठरवते.

आणि यंदा बसचं काहीतरी बिघडलं. म्हणजे सुधारलं.

दिवाळीनंतर त्या रस्त्यावर सकाळी सहा ते नऊ जड गाड्यांना बंदी आली. चौकातल्या टपऱ्या मागे सरकल्या. दोन दिवसांत कोणीतरी बंदी उठवेल म्हणून सगळे निवांत होते, पण ती उठवायचं सगळे विसरले. एका मंगळवारी मी नेहमीसारखा निघालो आणि गेटला पोचलो तर गेटला कुलूप. वॉचमन आंघोळ करत होता. घड्याळ बघितलं. चौदा मिनिटं.

याच रस्त्यावर मी पाच वर्षांत दोन भाषा शिकलो, एक स्वेटर विणला आणि एका ट्रेलरवाल्याच्या मुलीच्या बारशाचं आमंत्रण मिळवलं. आणि आता चौदा मिनिटं.

खोटं बोलत नाही, आधी मला आनंदच झाला. बस मी पहिल्यांदा चौथ्या गिअरमध्ये टाकली होती. तो गिअर आहे हे मला माहीत होतं, पण ओळख नव्हती. घरी जाऊन आईला सांगावं, यंदा जिंकतोय, असं वाटलं. मग गेट उघडलं आणि आत टाकीजवळ सर टेप घेऊन उभे दिसले, आणि मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

त्याच आठवड्यात तनुजा मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. तनुजा मॅडम म्हणजे आबाजींची नात. एमबीए करून आल्या आणि कॉलेजचा सगळा कारभार बघतात. मॅडम वाईट नाहीत. त्यांना फक्त प्रत्येक गोष्ट फाईलमध्ये हवी असते, आणि धावणं फाईलमध्ये बसत नाही. टाकीजवळ त्यांना 'वेलनेस झोन' करायचा होता. त्यात काय असणार असं विचारलं तर म्हणाल्या, बसायला जागा.

"बाळू, आता चौकातून किती वेळ लागतो?"

"चौदा मिनिटं, मॅडम. फार तर पंधरा."

"आणि पुनमला?"

"सत्तावीस."

मॅडमनी टॅबलेटवर काहीतरी टाईप केलं. चौदा आणि सत्तावीस यात टाईप करण्यासारखं काय आहे मला कळलं नाही.

"आबांची परंपरा आहे. ती आपण मोडायची नाही," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः बसमध्ये बसणार आहे. आणि हे बघ, मुद्दाम हळू चालवलीस तर तुझ्याही कराराचा विचार करावा लागेल. सगळं नियमाने झालं पाहिजे."

मी थेट सरांकडे गेलो. सर टाकीला टेकून वही भरत होते.

"सर, शनिवारी मी पंक्चर करतो."

"कुणाचं?"

"माझंच. म्हणजे बसचं. दोन चाकांचं करतो. नाहीतर डिझेल संपवतो. नाहीतर माझ्या मावशीच्या बावीस शेळ्या आहेत, त्या कुरुळी फाट्याला सोडतो. मावशी तयार आहे."

"काय बोलायलास बाळू तू?"

"सर, रस्ता मोकळा झालाय. चौदा मिनिटं."

"माहीत आहे. मी मंगळवारी मोजलो." सरांनी वही मिटली. "माल बसत नसंल तर माल रिजेक्ट करायचा. माल बसावा म्हणून मोजायचं गेज वाकवायचं नसतं. तू गेज आहेस."

"मी?"

"बस गेज आहे. तू बसचा पार्ट आहेस."

पाच वर्षांत सर माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी बोलले नव्हते.

"मग काय करू?"

"नियमानं चालव."

त्यांच्या हातातल्या स्टॉपवॉचकडे माझं लक्ष गेलं. स्टिकरवर पुढची तारीख शुक्रवारची होती. शर्यत शनिवारी.

"सर, स्टिकर संपतोय. भोसरीला कधी जाणार?"

"बघू," सर म्हणाले.

सर 'बघू' म्हणत नाहीत. एकदा टाकीच्या गच्चीवरून माकडाने त्यांची शिट्टी पळवली तेव्हासुद्धा त्यांनी वार आणि वेळ सांगून परत आणली होती. मी बसमध्ये येऊन बसलो. तो 'बघू' माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या सहा महिन्यांचा स्टिकर कोण लावतं? ज्याला पुढचे सहा महिने आहेत तो.

मोबाईल डिस्चार्ज झाला होता, म्हणून मी हातात येईल ते वाचायला घेतलं. ड्रायव्हर सीटच्या मागे, प्रथमोपचार पेटीच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत एक पुस्तक होतं. 'विद्यार्थी वाहतूक: मानक कार्यपद्धती.' चौतीस पानं, प्रत्येक पानावर तनुजा मॅडमची सही. गेल्या वर्षी कॉलेजची मान्यता तपासायला समिती आली होती, तिच्यासाठी हे तयार केलं होतं. समितीने ते हातात घेऊन वजन बघितलं आणि शेऱ्यात 'अनुकरणीय' लिहिलं. मग मला ते बसमध्ये ठेवायला दिलं, आणि मी पेटी हलू नये म्हणून पेटीखाली ठेवलं.

मी ते वाचलं. मग परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की हे पुस्तक उघडणारा मी पहिलाच माणूस आहे. बारावं आणि तेरावं पान एकमेकांना चिकटलेलं होतं, ते मी स्केलने सोडवलं.

शनिवारी सात वाजता चौकात पुनम पाय झटकत होती. बसमध्ये पुढच्या सीटवर मॅडम टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. चौकातली अकरा मुलं आत चढली होती.

"बाळूदादा, यंदा चौथ्या गिअरमध्ये जाता म्हणे," पुनम म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"वॉचमन. टॉवेलवर होता बिचारा." तिने बुटाची नाडी आवळली. "जायचं तेवढं जा. फक्त मागून हॉर्न मारू नका, माझी लय तुटते."

"नियम अकरा. अनावश्यक हॉर्न वाजवू नये."

"काय?"

"काही नाही. पळ तू."

सव्वासात झाले. पुनम सुटली. मी बसमधून खाली उतरलो.

"बाळू, कुठे चाललास?" मॅडम आतून म्हणाल्या.

"नियम तीन-अ, मॅडम. प्रत्येक प्रस्थानापूर्वी चालकाने वाहनाभोवती एक फेरी मारून सर्व चाकांची दृष्टीने तपासणी करावी."

मी फेरी मारली. सहा चाकं दृष्टीने तपासली. सगळी होती. मग आत येऊन अग्निशामक नळकांड्याची पिन बघितली, नियम पाच. मग प्रत्येकाने पट्टा लावलाय का ते बघितलं, नियम सहा. आमच्या बसला पट्टे आहेत हे मुलांना माहीतच नव्हतं. एकाला सीटखाली पट्टा सापडला, पट्ट्याबरोबर वेफर्सचं अर्धं पाकीट सापडलं, आणि ते कुणाचं यावर थोडी चर्चा झाली.

मग निघालो. वेग चाळीस, नियम आठ. पहिल्या थांब्याच्या आधी पुनमला मागे टाकलं. मॅडमनी श्वास सोडला. मग थांबा आला आणि मी थांबलो.

हे सांगायला हवं की आमची बस थांब्यावर थांबत नाही. हळू होते. मुलं धरतात आणि चढतात. इतक्या वर्षांत त्यांचे हात मजबूत झालेत. त्या दिवशी बस पूर्ण थांबली तर बाहेरची मुलं घाबरून मागे सरकली.

"दादा, बंद पडली का?"

"चढा. एकेक. आयडी दाखवा."

"दादा, तुम्ही माझ्या बहिणीच्या लग्नात वाढपी होता."

"आयडी."

आयडी बघितला, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, पट्टे बघितले, उतरून फेरी मारली. दोन मिनिटं पूर्ण. तेवढ्यात डावीकडून पुनम गेली. तिने बसकडे बघितलं, पण थांबलेली बस या रस्त्यावर नवीन नाही, त्यामुळे तिला काही वाटलं नाही.

दुसऱ्या थांब्याआधी मी तिला गाठलं, थांब्यावर तिने मला. तिसऱ्यालाही तसंच. सात किलोमीटरमध्ये सात थांबे आहेत. चौथ्या थांब्यावर कोणीच नव्हतं. मी बस उभी केली, हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवून बसलो.

"आता काय?" मॅडम म्हणाल्या.

"थांबा आहे."

"इथं कोणी नाहीये, बाळू!"

"नियम सात-क. थांब्यावर विद्यार्थी नसल्यास, उशिरा येऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याच्या सोयीसाठी दोन मिनिटे प्रतीक्षा करावी. पान सोळा. तुमची सही आहे."

मॅडमनी पुस्तक घेतलं आणि सही बघितली. त्यांचीच होती. एक कुत्रं आलं, दाराशी बसलं, आमच्याकडे बघत राहिलं. ते विद्यार्थी नसल्यामुळे मी त्याला घेतलं नाही.

"बाळू," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे नियम समितीसाठी होते."

मागे वीस-बावीस मुलं पट्टे लावून ऐकत होती. दोघांनी मोबाईल वर धरले होते.

"म्हणजे मोडू का, मॅडम? तुम्ही लेखी द्या, लगेच मोडतो. नियम अठ्ठावीस, बदल लेखी असावेत."

मॅडम टॅबलेटवर टाईप करायला लागल्या. मग थांबल्या. त्यांना एकोणतिसावा आठवला असणार. बदलासाठी तीन सदस्यांची बैठक.

पाचव्या थांब्यावर मॅडमनी स्वतःचा पट्टा लावला.

आता कुणाला वाटेल, मी हरायला निघालो होतो. तसं नव्हतं. पुस्तकात कुठेही 'हरावे' असं लिहिलेलं नाही. मी हिशोब केला होता, माझे साधारण सत्तावीस होत होते. पुनमचेही सत्तावीस. म्हणजे तिला पळावंच लागणार होतं, आणि जोरात. मी आयडी भराभर बघत होतो. नावं लिहिताना काना-मात्रा गाळत होतो. फेरी जवळजवळ पळत मारत होतो. सहाव्या थांब्यावर फेरी मारताना पुनम आणि मी शेजारी शेजारी पळत होतो, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की काहीतरी चाललंय.

"दादा, काय करताय?" ती धापा टाकत म्हणाली.

"तपासणी. दृष्टीने."

"जिंकताय का हरताय?"

"नियमाने चालवतोय. तू तुझं बघ."

पळताना तिने पूर्वी कधी बघितलं नव्हतं असं माझ्याकडे बघितलं, आणि वेग वाढवला.

सातव्या थांब्याला, पेट्रोल पंपापाशी, मी दार उघडत होतो आणि ती बसच्या पत्र्यावर थाप मारून पुढे गेली. तिथून गेट बाराशे मीटर. दोन मिनिटं झाली, मी निघालो. ती अर्धा किलोमीटर पुढे होती. चाळीसने मी अंतर खात गेलो. तीनशे मीटर, दोनशे, शंभर. आणि मग 'महाविद्यालय परिसर ५०० मी.' ही पाटी आली. नियम नऊ, इथून वेग वीस.

वीसने बस चालवून बघा. बस आपल्याकडे बघते. पुनम शंभर मीटर पुढे, पण ती आता दमली होती, आणि वीस म्हणजेसुद्धा माणसापेक्षा जास्तच. अंतर कमी होत होतं. नव्वद. सत्तर. पन्नास. मागे मुलं पट्ट्यातून पुढे झुकली होती आणि ओरडत होती. कोणी पुनमचं नाव घेत होतं, कोणी माझं. माझं नाव घेऊन कोणी ओरडण्याची ही पहिलीच वेळ. पाच वर्षांची हार, आई, गाव, चौथा गिअर, सगळं माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यात गोळा झालं. नुसता अंगठा दाबायचा होता. वीसचे बावीस झाले असते, तर कुणाला कळलं नसतं.

मला कळलं असतं. आणि मी बसचा पार्ट आहे.

काटा वीसवर ठेवला. पुनमने शेवटच्या शंभर मीटरमध्ये मान मागे टाकली आणि डावीकडे झुकून, टाकीभोवती पळते तशी, गेटमधून आत गेली. बस बारा मीटर मागे होती.

गेटच्या आत आबाजी गॉगल लावून खुर्चीवर बसले होते. पुनम त्यांच्या पायाशी कोसळली आणि त्यांचा चहा पिऊन टाकला.

"आली," आबाजी म्हणाले. "लिव्हा अकरा म्हैने."

मॅडम पट्टा सोडून उतरल्या. "आबा, हे बरोबर नाही. यानं प्रत्येक थांब्यावर बस थांबवली!"

"थांब्यावर?"

"हो!"

"मंग कुटं थांबवायची?"

"आबा, तसं नाही. चाकं तपासत होता. आयडी बघत होता. नियम दाखवत होता पुस्तकातले."

"नियम कुनी लिवले?"

मॅडमनी हातातला टॅबलेट बंद केला.

"समितीला आवडले व्हते न्हवं?"

"...हो."

"चांगले आसतील मग," आबाजी म्हणाले आणि दुसरा चहा मागवला.

सर स्टॉपवॉच हातात घेऊन गेटच्या खांबाशी उभे होते. आपलं काय ठरलं हे त्यांनी ऐकलं असावं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून करार मिळाला की रद्द झाला हे सांगता आलं नसतं. पुनम बसल्या बसल्या म्हणाली, "सर, टाईम?"

सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"ड्यू डेट काल संपली. अनकॅलिब्रेटेड आहे. रीडिंग धरता येत नाही."

"सर! आयुष्यात एवढी पळाले नाही मी. अंदाजे तरी सांगा."

"अंदाजे म्हणजे काय असतंय?"

पुनम त्यांच्याकडे बघत राहिली. "सर, तुम्ही स्टिकर का नाही बदलला?"

सरांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि टाकीकडे बघत उभे राहिले. मग आम्हीही सगळ्यांनी थोडा वेळ टाकीकडे बघितलं. पाण्याची साधी टाकी आहे.

"बाळू," सर म्हणाले, "काय केलास तू?"

मी पुस्तक दिलं. सरांनी गेटमध्ये उभ्या उभ्या चौतीसच्या चौतीस पानं वाचली. तिसरा तास सुरू झाला. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"रोज पाळणार?"

"रोज?"

"एक दिवस पाळली तर ती प्रोसेस नसते. ते नाटक असतंय. नाटक असंल तर आजचा निकाल रिजेक्ट. मी आबाजींना जाऊन सांगतो."

ते खरंच सांगायला गेले असते. चार पावलं गेलेही होते.

"रोज पाळतो, सर," मी म्हणालो.

तेव्हापासून रोज पाळतोय. बस क्रमांक तीनला सात किलोमीटरला सत्तावीस मिनिटं लागतात. मॅडमना नियम बदलता येत नाहीत, कारण समिती मार्चमध्ये परत येणार आहे आणि 'अनुकरणीय' खोडलं जाईल. आठवडाभरात मुलांच्या लक्षात आलं की उशीर झाल्यावर बसपेक्षा पळत जाणं सोयीचं. आधी तिघं उतरली. मग मुली. मग एक दिवस मी चौकातून निघालो तेव्हा बसमध्ये मी आणि पेटी. सरांच्या संघात आता एक्केचाळीस जण आहेत. नव्वद मीटरच्या ट्रॅकवर एक्केचाळीस जण पळायला लागले की पहिला शेवटच्याच्या मागे असतो, त्यामुळे निकाल लावायला वेळ लागतो. पुनम विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीत चौथी आली. सर तिला "ओके" म्हणाले. तिच्या कानात काहीही नव्हतं, मी तपासलं.

पण ते नंतर. शर्यतीनंतरच्या सोमवारी मला रिकामी बस सर्व्हिसिंगला भोसरीला न्यायची होती. गेटपाशी सर उभे होते.

"भोसरीला चाललास?"

"हो सर. या ना." मग मी थांबलो. "सर, नियम चौदा. विद्यार्थ्यांव्यतिरिक्त कुणास नेण्यासाठी कार्यालयाचे लेखी पत्र."

"पत्र नाही."

"मग..."

"बरोबर आहे," सर म्हणाले. शर्टाची वरची दोन बटणं सोडली, स्टॉपवॉच मुठीत धरलं आणि कडेच्या मातीतून पळायला लागले.

बेचाळीस वर्षांचा माणूस. मला वाटलं फाट्याला गाठीन. पण नऊ वाजून गेले होते, जड गाड्या सुटल्या होत्या, आणि मी एका कंटेनरच्या मागे उभा होतो. मी भोसरीत शिरत होतो तेव्हा सर समोरून परत येत होते. माझ्या खिडकीपाशी जागच्या जागी पाय हलवत थांबले आणि स्टॉपवॉच वर धरलं. नवा हिरवा स्टिकर, खाली ताजी सही.

"मे महिन्यात परत यावं लागंल," सर म्हणाले, आणि गेले.